सी ड्राइव्हमध्ये जागा असूनही फोटोशॉप ‘स्क्रॅच डिस्क भरली आहे’ असे का म्हणते?

आपल्या सी ड्राइव्हवर १५ जीबी जागा मोकळी असतानाही हा संदेश येतो, याचे कारण असे की रॅम अपुरी पडताच फोटोशॉप उरलेले काम डिस्कवरील तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवते (ही फाइल ज्या डिस्कवर असते ती स्क्रॅच डिस्क) आणि ती फाइल मूळ फोटोच्या कितीतरी पट मोठी होऊ शकते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा १६ बिटमधील एकच पूर्ण लेयर (चित्राचा एक थर) सुमारे १४४ एमबी जागा घेतो. त्यावर हिस्ट्रीच्या, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदीच्या, मूळ सेटिंगनुसार ५० पायऱ्या साठत जातात.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे प्रेफरन्सेसमधील स्क्रॅच डिस्क्स येथे दुसरी, वेगवान एसएसडी निवडणे. पेन ड्राइव्ह कृपया निवडू नये. फोटोशॉप उघडतच नसेल, तर विंडोजवर ते सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरल्यास हीच निवड आधी करता येते.

हिस्ट्रीच्या पायऱ्या २० वर आणल्यास बराच फरक पडतो. एडिट मेनूमधील पर्ज (हिस्ट्रीसारखा साठलेला तात्पुरता डेटा पुसणारी आज्ञा) वापरल्यास जागा लगेच सुटते, परंतु त्यानंतर मागील बदल पूर्ववत करता येत नाहीत, म्हणून आधी फाइल अवश्य सेव्ह करावी. फोटोशॉप अचानक बंद पडले असल्यास टेम्प फोल्डरमध्ये ‘फोटोशॉप टेम्प’ या नावाने सुरू होणाऱ्या जुन्या फाइली उरलेल्या असू शकतात. त्या फोटोशॉप बंद असतानाच काढाव्यात.