मार्व्हलचा नवा कॅप्टन अमेरिका बघायचाय? मग हिथनं सुरू कर

भावा, 2008 च्या ‘आयर्न मॅन’पासून सगळं ओळीनं बघायला बसू नकोस. माझ्या चुलतभावानं तसंच केलं आणि सातव्या पिक्चरला दम टाकला.

जुन्याची जागा नवा कशी घेतो एवढंच बघायचं असंल, तर:

1. ‘एंडगेम’ (2019). शेवटाकडं म्हातारा स्टीव्ह, म्हणजे जुना कॅप्टन, बाकावर बसून सॅमला, म्हणजे फाल्कनला, आपली ढाल देतो. सॅमचा चेहरा बघ, घेताना अवघडलाय गडी.

2. ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ (2021). ही सिरीज हाय, सहाच भाग आहेत, पण लोक नेमके हेच गाळतात. थेट 2025 चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ पिक्चर लावतात आणि मग विचारतात, ह्याला कॅप्टन कुणी केला? अरे, सॅम ढाल आधी म्युझियमला देऊन टाकतो, सरकार ती भलत्याच्याच हातात देतं. शिवाय काळ्या माणसानं ती ढाल उचलायची की नाही, हा प्रश्न हिथंच येतो. मला तर पिक्चरपेक्षा हेच आवडलं.

3. वेळ असला तर ‘हॉकआय’ ही सिरीज. तिथं जुन्या हॉकआयच्या जागी येणारी केट बिशप झकास.

पहिल्याच सीनला ‘स्टीव्हची सर नाही’ म्हणू नकोस. सॅमला स्टीव्हसारखं ताकद वाढवणारं सीरम टोचलेलं नाही, तो मार खाणारच. वस्ताद बदलला की तालमीतले जुने पैलवान चार दिवस कुरकुरतातच की!

आणि थेटरात नावं सुरू झाली की पार्किंगकडं पळू नकोस. खरा मसाला बऱ्याचदा त्याच्यानंतर असतोय.

मल्टिव्हर्सचं, म्हणजे एकापेक्षा जास्त विश्वांच्या भानगडीचं, आत्ता नावच काढू नकोस. हे तीन झाले की भेट, मिसळ खात बोलू.