किल्ली बरोबर, घड्याळ चूक

आमच्या इंदूरकडे कॉम्प्युटर घ्यायचा तो धनतेरसला. दुकानदार सोबत वर्षाचं अँटीव्हायरस देतो, त्यामुळे दर वर्षी फराळाचे डबे रिकामे होता होता लायसन्सही संपतं आणि माझ्याकडे पत्रांची रांग लागते. या खेपेला सगळी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, म्हणून प्रिंटर आणि पेन ड्राइव्हवाल्यांनी एक महिना दम धरावा.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप दीड वर्षाचा, विंडोज ११ चा. घेतला तेव्हा त्यात एक अँटीव्हायरस आधीच होतं, त्याची मुदत संपली. भाच्याने दुसरं विकत आणून घालून दिलं. तेव्हापासून सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल उघडली की पडदा पांढरा पडतो आणि पंखा गिरणीसारखा वाजतो. भाचा म्हणतो रॅम वाढवा. वाढवू का?
— एक निवृत्त वाचक, सुदामानगर

उत्तर : रॅम राहू द्या, काका. भाच्याने नवं आणलं पण जुनं काढलं नाही, एवढंच झालंय. मुदत संपली म्हणजे ते अँटीव्हायरस गेलं असं नसतं. नव्या व्हायरसांची यादी आणणं त्याने बंद केलं, पण मुक्काम हलवलेला नाही.

आपण आयकॉनवर टिचकी मारून जे उघडतो ती नुसती त्याची दर्शनी खोली. खरं काम करणारा तुकडा विंडोजच्या आत, प्रोग्राम आणि डिस्क यांच्या मध्ये बसलेला असतो. तुम्ही एक्सेलला फाइल मागितली की तो म्हणतो, थांबा, आधी मी बघतो. असे दोन बसले की दोघंही थांबवतात. त्यातून पहिल्याने तपासायला फाइल उघडली, हेही दुसऱ्याच्या लेखी ‘कोणीतरी फाइल उघडली’ असंच असतं, मग तो पुन्हा तपासणार. तुमची एक्सेल या दोघांच्या मध्ये ताटकळते. कधी कधी तर एकाने जमवलेले व्हायरसचे नमुने दुसऱ्याला खरे व्हायरस वाटतात आणि तो ते पकडून कोंडून ठेवतो!

हसू नका, हे मी स्वतः केलेलं आहे. राजेंद्रनगरात माझे कॉम्प्युटरचे क्लास होते तेव्हा सहा मशिनवर दोन दोन अँटीव्हायरस घातली होती, दुप्पट सुरक्षा म्हणून. परीक्षेच्या सकाळी सहापैकी चार मशिन ‘वेलकम’ म्हणून जी थांबली ती थांबलीच. मुलांना पोहे खायला पाठवून मी एकेकातून एक एक काढत बसले होते.

आता तुम्ही करायचं ते. आधी नव्या अँटीव्हायरसची की, म्हणजे ते चालू करायचा अक्षर-आकड्यांचा नंबर, वहीत उतरवून घ्या आणि त्याचं खातं ज्या ईमेलवर काढलं तो ईमेलही लिहून ठेवा. मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन जुनं अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. झाकण मिटून उघडणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण आतला तो तुकडा बऱ्याचदा रीस्टार्ट झाल्यावरच निघतो.

एवढ्याने जात नसेल तर त्याच कंपनीचं काढून टाकण्याचं खास साधन मिळतं. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, कॅस्परस्की या सगळ्यांची अशी साधनं आहेत आणि ती फुकट आहेत. फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, गुगलमध्ये वर झळकणाऱ्या जाहिरातीतून नको. यातली काही साधनं सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज जरुरीपुरतंच सुरू करून, चालवायची असतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट म्हटलं की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन तिथलं रीस्टार्ट दाबायचं आणि यादी आली की ४ दाबायचा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क कुलूपबंद असते, ती या वाटेवर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती असते. आधी मोबाइलवरून शोधून कागदावर उतरवा, मग शिफ्टला हात लावा. नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचं दुसरं पत्र येईल, आणि ते अधिक घाबरलेलं असेल.

शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन आणि त्यात मॅनेज प्रोव्हायडर्स बघा. तिथे तुमचं नवं अँटीव्हायरस चालू आणि विंडोजचं स्वतःचं डिफेंडर बंद दिसायला हवं. डिफेंडर बंद दिसतंय म्हणून दचकू नका. दुसरं नीट बसलं की ते आपणहून बाजूला होतं आणि दुसरं काढलं की परत उभं राहतं. त्याला हाताने बंद करायच्या युक्त्या यूट्यूबवर दिसतील, त्यांच्या नादी लागू नका.

भाच्याला रागावू नका. चार पैसे खर्चून त्याने मामाची काळजीच केली.

प्रश्न : आमचा डेस्कटॉप २०१७ चा, विंडोज १० आहे. तीन वर्षांचं अँटीव्हायरस घेतलंय, त्यातलं एकच वर्ष झालं. मागच्या महिन्यात मशिन फॉरमॅट केलं आणि तेव्हापासून की टाकली की ‘ॲक्टिव्हेशन होऊ शकत नाही, इंटरनेट तपासा’ असं येतं. इंटरनेट तर आहे, कारण टीव्हीवर सगळं चालतं. मात्र बँकेची साइटही ‘कनेक्शन खासगी नाही’ म्हणते. दुकानातला मुलगा म्हणाला, “आंटीजी, की डेड हो गई, नई लेनी पड़ेगी.” दोन वर्षांचे पैसे बुडाले का?
ता. क. रोज सकाळी कॉम्प्युटर १ जानेवारी २०१७ दाखवतो. मी बदलते, कधी विसरते. त्याचं काही करता येईल का?
— एक वाचिका, लोकमान्यनगर

उत्तर : वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच ताज्या कलमात लिहून पाठवलंय. की जिवंत आहे, मेलाय तो सेल.

मदरबोर्डवर, म्हणजे मशिनच्या आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. त्याचा नंबर सीआर २०३२, आणि नंबरातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. वीज जोडलेली असते तोवर घड्याळ तिच्यावर चालतं, पण आपण मराठी माणसं रात्री भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय झोपत नाही. मग रात्रभर सगळा भार त्या सेलवर. सात-आठ वर्षांत तो थकतो आणि सकाळी मशिन मदरबोर्डच्या जन्मतारखेला जाऊन उभं राहतं.

आता लायसन्सचं काय? की टाकली की तुमचं मशिन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं. बोलण्याआधी तो सर्व्हर खरा आहे का हे त्याच्या प्रमाणपत्रावरून बघतं, आणि प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या मशिनच्या मते आज २०१७ आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून जन्मायचंय! मशिन बोलणं तोडतं, आणि अँटीव्हायरसला एवढंच कळतं की संपर्क झाला नाही, म्हणून ते इंटरनेटला दोष देतं. बँकेची साइट याच कारणाने अडली आहे. दोन्हीकडे अडलं तेव्हाच दुकानातल्या मुलाने घड्याळाकडे बघायला हवं होतं. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं हे खरं, पण फरक इतक्या वर्षांचा असला तर आपल्या मनाने दुरुस्त करत नाही.

सेल सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला कुठेही मिळेल. दोन प्लेट पोह्यांच्या पैशांत काम होतं, वर जीरावणही (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) येईल. प्लग काढून, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायचा. पहिल्यांदा चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मशिनचा मूळ प्रोग्राम) तारीख-वेळ घाला, बाकी तिथे कशालाही हात लावू नका. मग विंडोजमध्ये टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच आहे ना, ते बघा. फॉरमॅटनंतर तो अमेरिकेचा राहिलेला मी पुष्कळदा पाहिलाय. यानंतर की टाका.

(घड्याळाचा आणि व्हायरसचा संबंध जुना आहे. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस १९९९ साली २६ एप्रिलला जागा झाला. तो डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायोससुद्धा, म्हणजे मशिन सुरूच होत नसे. पुढच्या वर्षी क्लासमध्ये मी २५ तारखेला संध्याकाळी सहाही मशिनची तारीख २७ करून ठेवली होती. त्या वेळी चुकीच्या घड्याळाने वाचवलं.)

तारीख बरोबर करूनही जमलं नाही तर या वेळी संदेश वेगळा येईल : ‘ही की आधीच वापरली आहे’. काही कंपन्या फॉरमॅट केलेलं मशिन नवीन समजतात. त्यांच्या साइटवर तुमच्या खात्यात जा, उपकरणांच्या यादीत तुमचं जुनं मशिन दिसेल, ते काढून टाका. खातं सापडत नसेल तर बिलाचा फोटो घेऊन कंपनीच्या मदत क्रमांकावर बोला. नंबर खोक्यावरचाच घ्या. आणि की वाचताना शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांच्याकडे भिंग लावून बघा. एका काकूंनी मला ‘बोगस की’ म्हणून पाठवली होती. स्क्रॅच करताना त्यांनी बी अर्धा खरवडून तीन केला होता.

आणखी एक. बिल देताना दुकानदार कुरकुरला होता का? तीन कॉम्प्युटरांचा एक पॅक घ्यायचा आणि तीन वेगवेगळ्या घरांत एकेक वापर विकायचा, हा धंदा शहरात चालतो. वर्षभर काही कळत नाही. मग फॉरमॅट होतं, तुम्ही पुन्हा की टाकता आणि चौथे ठरता. खातं दुकानदाराच्या ईमेलवर असल्याने तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून पुढच्या वेळी खोकं बंद घ्या, घरी उघडा, खातं स्वतःच्या ईमेलवर काढा.

सेल बदलून पाहिल्यावर मला कळवा, मला उत्सुकता आहे.

प्रश्न : मुलगा दुबईला असतो. त्याने तिथे घेतलेल्या अँटीव्हायरसची की व्हॉट्सॲपवर पाठवली. इथे घेत नाही.
— एक वाचक, टिळकनगर

उत्तर : पुष्कळ कंपन्यांच्या की देशागणिक असतात, तिकडची की इकडे चालू होत नाही. मुलाला म्हणावं, परत करता आली तर कर आणि पैसे पाठव. आपल्याकडे ती बहुधा स्वस्त मिळते. व्हीपीएन लावून दुबईत असल्याचं सोंग करायला कोणी सुचवेल, नकार द्या. एकदा चाललं तरी नूतनीकरणाला परत तेच नाटक.

प्रश्न : माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज लाल पट्टी येते : ‘तुमचं लायसन्स संपलं, पाच व्हायरस सापडले, लगेच नूतनीकरण करा.’ मी त्या कंपनीचं अँटीव्हायरस कधी घेतलंच नाही! काल यजमानांनी त्यातल्या नंबरवर फोन केला. समोरच्याने एक ॲप घालायला सांगितलं, मग यांना शंका आली आणि फोन ठेवला. ॲप मात्र घातलं गेलंय.
— एक वाचिका, रामबाग

उत्तर : यजमानांनी फोन ठेवला, फार बरं केलं. आता पहिल्यांदा इंटरनेट बंद करा आणि ते ॲप काढून टाका. ते दुरून तुमचा पडदा बघायचं आणि चालवायचं ॲप असतं. मग दुसऱ्या मोबाइलवरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. खात्यातून काही गेलं असेल तर तडक १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

ती लाल पट्टी अँटीव्हायरसची नाहीच. कधीतरी एखाद्या साइटने ‘अलाऊ’ विचारलं आणि घाईत होकार दिला गेला, तेव्हापासून ती साइट ब्राउझरमार्फत पत्रकं टाकतेय. नीट पाहिलं तर पट्टीवर बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि कुठल्याशा साइटचं नाव असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा आणि परवानगी दिलेल्यांची यादी बघा. ओळखीचं नाही ते काढा. पट्टी त्याच क्षणी थांबेल. तरीही त्या ॲपमुळे एकदा पूर्ण स्कॅन करून घ्या.

प्रश्न : मॅडम, एका वाक्यात सांगा, पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यावं की नाही?
— एक विद्यार्थी, भंवरकुआँ

उत्तर : एका वाक्यात नाही जमणार, दोन-तीन घे. माझ्या घरच्या दोन्ही मशिनवर फक्त विंडोजचं डिफेंडर आहे आणि दर रविवारी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइलींची प्रत घेऊन ती डिस्क कपाटात ठेवते. दिरांच्या दुकानात मात्र टॅली, तीन नोकर आणि येईल त्याचा पेन ड्राइव्ह असा कारभार आहे, तिथे मी विकतचंच घालायला लावलंय. तुझ्याकडे विंडोज ७ असेल तर हा प्रश्नच सोड. त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले, आणि छप्पर गळत असताना दाराला नवं कुलूप घेऊन उपयोग नाही.