फुप्फुसातील गुठळी कॅथेटरने कधी काढावी?

प्रश्न : गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर दहाव्या दिवशी माझ्या आईला (वय ६८) धाप लागली आणि सीटी तपासणीत दोन्ही फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. रक्तदाब, इको व ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का हे दाखवणारी रक्तचाचणी) व्यवस्थित असल्याने डॉक्टरांनी हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) व नंतर गोळ्या दिल्या. हल्ली अशा गुठळ्या कॅथेटरने ओढून काढतात म्हणे. मग आईच्या का काढल्या नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गुठळी दिसली की ती काढावी असे वाटणे साहजिक आहे, आणि बाहेर काढलेल्या गुठळीचे छायाचित्र पाहिल्यावर तर नातेवाइकांची खात्रीच पटते. प्रत्यक्षात हा निर्णय गुठळीच्या आकारापेक्षा हृदयाच्या उजव्या जवनिकेवर (फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या कप्प्यावर) किती ताण पडला आहे यावर ठरतो. तो नसेल, तर हेपरिन गुठळी वाढू देत नाही आणि असलेली गुठळी शरीर हळूहळू विरघळवते. आपल्या आईंवर झालेले उपचार योग्यच आहेत.

कॅथेटरने गुठळी काढताना बहुधा जांघेपुरती भूल देतात आणि तेथील शिरेतून नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यांमार्गे फुप्फुसधमनीत नेऊन गुठळी शोषून घेतात. सर्वांत जाड नळीचा व्यास सुमारे ८ मिलिमीटर असतो. त्यामुळे मोठी चीर नसली तरी जांघेत रक्तस्राव होणे, क्वचित हृदयाला वा धमनीला इजा होणे हे धोके उरतातच.

हा उपाय खरा उपयोगी पडतो तो वरचा रक्तदाब ९०च्या खाली गेलेला असताना आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे धोक्याचे असताना. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाइथो चाचणीत रक्तदाब टिकून असलेल्या, पण उजव्या जवनिकेवर ताण आलेल्या हजारावर रुग्णांचा अभ्यास झाला. त्या इंजेक्शनाने प्रकृती ढासळण्याचे प्रमाण घटले, परंतु ते घेतलेल्यांपैकी सुमारे २ टक्के रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आईंची शस्त्रक्रिया ताजी असल्याने, रक्तदाब घसरला असता तर कॅथेटरचा विचार निश्चितच झाला असता. रक्तदाब टिकून असलेल्या, पण जवनिकेवर ताण आलेल्या मधल्या गटातील रुग्णांबाबत मात्र अजून मतभेद आहेत. २०२४च्या पीअरलेस चाचणीत गुठळी शोषून काढणे व कॅथेटरमधून गुठळी विरघळवणारे औषध सोडणे यांची तुलना झाली, तेव्हा पहिल्या पद्धतीत प्रकृती बिघडण्याचे आणि अतिदक्षता विभागात राहण्याचे प्रमाण कमी आढळले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

कॅथेटर वापरले असते तरी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किमान ३ महिने घ्याव्याच लागल्या असत्या. त्या स्वतःहून थांबवू नका. चक्कर येऊन शुद्ध हरपली किंवा धाप अचानक वाढली, तर तातडीने रुग्णालय गाठा. आणि ३ महिन्यांनंतरही दम लागत असेल, तर जुनी गुठळी धमनीत चिकटून राहिली आहे का हे पाहण्यासाठी इको व फुप्फुसांचा स्कॅन करून घ्या.