आयस्कझी स्टोरेज संथ चालतंय, १० गिगाबिटचा स्विच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: गोकुळ शिरगावला कारखाना, दोन व्हीएमवेअर सर्व्हर (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणारे), १ गिगाबिटच्या लाइनवर आयस्कझी सॅन (नेटवर्कवरून सर्व्हरना डिस्क पुरवणारी वेगळी पेटी), त्यात ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या, ६ डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी). दुपारनंतर ईआरपी (चलन, साठा, हिशेब सांभाळणारी संगणक प्रणाली) रेंगाळते आणि पुरवठादार १० गिगाबिटच्या स्विचचं कोटेशन घेऊन बसलाय.

कोटेशन राहू द्या बाजूला. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत सर्व्हर सांभाळतो आणि आमच्याकडं जवळपास हीच मांडणी होती, डिस्कच्या संख्येसकट. संध्याकाळी पाचला गेटवर कास्टिंग भरलेले ट्रक उभे असायचे. डिस्पॅचचा माणूस चलन सेव्ह करायचा आणि पेन दातात धरून स्क्रीनकडं बघत बसायचा. फोन केला की म्हणायचा, "साहेब, सर्व्हर रंकाळ्यावर भेळ खायला गेलाय, आला की सांगतो." आम्हालाही तेव्हा लाइन वाढवा असंच सांगितलं गेलं होतं.

मी आधी स्विचच्या पोर्टचा आलेख काढला. १ गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. आमच्या गर्दीच्या वेळी जात होते सात-आठ. म्हणजे रस्ता रिकामाच होता. मग विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये एका राइटला, म्हणजे डिस्कवर एकदा लिहायला, सरासरी किती वेळ लागतो ते पाहिलं, तर ६० ते ८० मिलिसेकंद. सॅनला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारून पाहिली, तर उत्तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे उरलेला सगळा वेळ सॅनच्या पोटात जात होता.

सॅनच्या वेब पानावर एक बारीक पिवळा त्रिकोण कितीतरी दिवस दिसत होता, त्याकडं कुणीच बघितलं नव्हतं, मीही नाही. कंट्रोलरच्या कॅशची, म्हणजे सॅनमधल्या डिस्क हाकणाऱ्या भागाच्या तात्पुरत्या मेमरीची, बॅटरी मेली होती. बॅटरी धड असते तेव्हा कंट्रोलर राइट मेमरीत घेतो, लगेच "झालं" म्हणतो आणि डिस्कवर सवडीनं लिहितो. यालाच राइट-बॅक म्हणतात. बॅटरी गेली की तो राइट-थ्रूवर उतरतो, म्हणजे प्रत्येक राइट डिस्कवर उमटेपर्यंत सर्व्हरला ताटकळत ठेवतो.

आता तुमच्याच डिस्कचा हिशेब करू. ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला ७५ च्या आसपास विखुरलेली कामं करते, सहा मिळून ४५०. रेड ५ मध्ये एका छोट्या राइटमागं चार कामं पडतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायला ठेवलेली ताळ्याची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. म्हणजे राइट उरले सेकंदाला ११२. डेटाबेसचा ब्लॉक ८ केबीचा धरला तर हे १ एमबीसुद्धा भरत नाही! इथं १० गिगाबिटचा स्विच काय करणार? रिकामा रस्ता आणखी रुंद होईल, एवढंच.

बॅटरी बदलल्यावर आमचा राइट एक-दोन मिलिसेकंदांवर आला. स्विचच्या कोटेशनपुढं बॅटरीचे पैसे म्हणजे चिल्लर. मात्र एक करू नका. बॅटरी नसतानाही राइट-बॅक जबरदस्तीनं चालू ठेवायची सोय काही कंट्रोलरमध्ये असते, तिला हात लावू नका. आपल्याकडं वळीव आला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि यूपीएसनं दगा दिला तर कॅशमधला डेटा गेलाच समजा. काही कंट्रोलर ठरावीक दिवसांनी बॅटरी उतरवून पुन्हा भरतात आणि तेवढा वेळ कॅश बंद ठेवतात. आम्ही ते काम सोमवारी, सुट्टीच्या दिवशी लावलंय. तुमची ईआरपी महिन्यातून एखाद्याच दिवशी मरगळत असेल तर संशय आधी इथंच घ्या.

बॅटरी ठीक निघाली तर पुढं रेड १० चा विचार करा. तिथं पॅरिटी नसते, डेटाच दोन डिस्कवर लिहिला जातो, म्हणून एका राइटला दोनच कामं, म्हणजे त्याच डिस्कवर ११२ चे २२५. जागा मात्र पाच डिस्कऐवजी तीनच डिस्कइतकी मिळेल. माझं मत विचाराल तर निव्वळ ईआरपीच्या डेटाबेससाठी एसएसडीची एक जोडी घ्या आणि बाकीचं आहे तसं ठेवा.

नेटवर्क अगदी निर्दोष असतं असं नाही. आमच्या सॅनच्याच स्विचवर कुणीतरी सीसीटीव्हीचे कॅमेरे जोडले होते. स्वस्तातल्या स्विचचा बफर, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवायची जागा, तोकडा असतो. तो भरला की पॅकेट पडतं, आणि लिनक्समध्ये ते टीसीपीनं पुन्हा पाठवायला किमान २०० मिलिसेकंद जाऊ शकतात. सरासरी छान दिसते आणि मधूनच सगळं थिजतं. पोर्टवर डिस्कार्डचा, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटचा, आकडा वाढतोय का बघा. स्टोरेजला वेगळा स्विच द्या, ते जमत नसेल तर निदान कॅमेरे दुसरीकडं हलवा. त्याच स्विचवर नुसत्या वेगळ्या व्हीलॅननं (स्विचची कागदोपत्री वाटणी) बफरचं दुखणं जाईलच असं नाही.

दोन लाइन एलएसीपीनं (अनेक तारा मिळून एक लाइन करायची पद्धत) बांधल्या असतील तर तेही सोडवा. एका जोडणीचा सगळा माल एकाच तारेतून जातो, दुसरी बघत बसते. आयस्कझीला मल्टिपाथ, म्हणजे सॅनपर्यंत दोन स्वतंत्र मार्ग, हवा: दोन पोर्ट, दोन सबनेट (वेगळे पत्त्यांचे गट), राउंड रॉबिन (आळीपाळीनं मार्ग वापरणं). व्हीएमवेअर मुळात १००० कमांडनंतर मार्ग बदलतं. सॅनच्या कंपनीची शिफारस असेल तर तो आकडा १ करा.

जंबो फ्रेमचा, म्हणजे नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटच्या पॅकेटचा, गवगवा फार आहे. ८ केबीच्या राइटला त्याचा फायदा नगण्य, बॅकअपला थोडाफार. केलंच तर सर्व्हर, स्विच, सॅन तिन्हीकडं करा. नाहीतर लॉगिन होतं, डिस्क दिसते आणि मोठी फाइल उचलली की सगळं लटकतं. खात्री करायला तुकडे न करण्याची सूचना देऊन ८९७२ बाइटचं पिंग मारा. ९००० मधले २८ बाइट हेडरला जातात.

१० गिगाबिट कधी घ्यायचं? आलेख तासन्‌तास शंभरीला टेकलेला दिसला आणि कॅश, डिस्क ठणठणीत असल्या, तर खुशाल घ्या.

तोवर दोन आकडे खाली टाका: पाच वाजताचा राइटचा सरासरी वेळ आणि त्याच वेळचं सॅनचं पिंग. आणि हो, बॅटरी शेवटची कधी बदलली तेही.