घरात मोड आणि मायक्रोग्रीन्स (कापून खायची कोवळी रोपं) कसे करायचे? मटकीला वास येतो, काय चुकतंय?

वास येतो म्हणजे बहुतेक पाणी नीट निथळत नाहीये. मटकी किंवा मूग 8 तास भिजवा, मग दोन-तीनदा स्वच्छ धुवून चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि मगच सुती फडक्यात बांधा, फडकं ओलसर हवं, पाणी गळणारं नको, आणि पावसाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ परत धुवाच. उन्हाळ्यात 12 तासांत छान मोड येतात, थंडीत दीड दिवससुद्धा लागतो. बुळबुळीत झाले तर सरळ टाकून द्या, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर कच्चे देऊच नका, वाफवूनच द्या.

मायक्रोग्रीन्ससाठी मेथीपासून सुरुवात करा, ती सहसा दगा देत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पसरून 2-3 दिवस झाकून ठेवा, कोंब वर आले की खिडकीत. मुळांवर पांढरी लव दिसली की लोक बुरशी समजून फेकून देतात हो! पाणी शिंपडून बघा, लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते, बुरशी तशीच राहते. 8-10 दिवसांत कात्रीने कापा आणि वरण-भातावर घ्या.

बी मात्र किराणातलंच घ्या, पेरणीच्या बियाण्याला अनेकदा औषध चोळलेलं असतं, ते खायचं नाही. टोमॅटो, वांगी, मिरचीचे कोवळे कोंबही नकोत, विषारी असू शकतात.