स्पॅगेटी वेस्टर्नमध्ये विनोद आणि हिंसा यांचा तोल कसा साधतात?

स्पॅगेटी वेस्टर्न, म्हणजे इटालियन दिग्दर्शकांच्या काउबॉयपटांच्या धर्तीवर लघुपट लिहिताय आणि त्यात विनोद किती, गोळीबार किती असं विचारताय. ते प्रमाण आधी डोक्यातून काढा. भेळ नाही ती, की गोड जास्त झालं म्हणून वरून तिखट घातलं.

दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये (१९६४) नायक क्लिंट ईस्टवुड गुंडांना भेटायला जाता जाता शवपेट्यावाल्या म्हाताऱ्याला सांगतो, तीन पेट्या तयार ठेव. गुंडांना म्हणतो, तुम्ही हसलात ते माझ्या खेचराला लागलंय, माफी मागा. ते हसतात, आपणही हसतो. मग चौघे आडवे. परतताना म्हाताऱ्याला सांगतो, चुकलं, चार कर. यात विनोद कुठे संपला आणि खून कुठे सुरू झाला, दाखवा बरं.

आता मी हे का लिहितोय ते. नव्वदीच्या सुरुवातीला एका दिवाळीत आम्ही चोवीस तासांसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. दादाने आणली 'ट्रिनिटी' या विनोदी वेस्टर्नच्या पहिल्या भागाची कॅसेट (१९७०), मी हट्टाने 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६). ट्रिनिटीत नायक टेरेन्स हिल तव्यातल्या सगळ्या घेवड्याच्या उसळीचा फडशा पाडतो आणि पावाने तवा पुसून घेतो, तेव्हा आई म्हणाली, "याला पिठलं वाढा रे कुणीतरी." दादा खूश.

मग माझी कॅसेट. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे, दक्षिणेचा गणवेश करडा, उत्तरेचा निळा. करड्या गणवेशातले घोडेस्वार बघून टुको हा चोर दक्षिणेच्या नावाने जयजयकार करतो, अधिकारी बाहीवरची धूळ झटकतो आणि खालून निळा रंग निघतो. बाबांना हसून ठसका लागला. थोड्याच वेळात तोच टुको छावणीत, पुढ्यात जेवण, आणि मग बेदम मार. आवाज दडपायला बाहेर कैद्यांकडूनच वाद्यं वाजवून घेतात. आई करंज्यांचं पीठ पदराला पुसत "काय गोड चाल आहे गं बाई" म्हणत दारात आली, आणि पडद्यावर टुकोच्या डोळ्यांत अंगठे खुपसलेले. दादाने फॉरवर्डचं बटण दाबलं.

तेव्हापासून भांडण आहे. दादा म्हणतो, इतकं हसवून असं मारणं ही दगाबाजी. ट्रिनिटीत बघ, गोळ्या कमी, थपडा जास्त, घरच्यांसोबत बघता येतो. मी म्हणतो, ज्याला आपण तासभर हसलो त्याचाच मार लागतो. न हसता पाहिला असता तर टुको निव्वळ एक चोर होता. थपडांच्या सिनेमात कुणाला काही होणारच नाही हे पहिल्या रिळातच कळतं, मग धाकधूक कसली?

तेव्हा तुमच्या लघुपटात हसवायला वेगळा नोकर-बिकर ठेवू नका. ज्याला मार खायचाय त्यालाच हसवू द्या.

हां, हे सगळीकडे लागू नाही. दिग्दर्शक कोर्बुचीच्या 'द ग्रेट सायलेन्स'मध्ये (१९६८) हसायला फारसं काही नाही, तरी तो अंगावर येतो. आणि ट्रिनिटीचा दिग्दर्शक बार्बोनी त्याआधी कोर्बुचीच्याच रक्तबंबाळ 'जँगो'चा (१९६६) छायालेखक होता, म्हणजे त्याला हिंसा जमत नव्हती असं मी म्हणू शकत नाही. दादाला हे सांगू नका.

आणि दादा, वाचत असशील तर ऐक. त्या रात्री तू गच्चीवर झोपायला गेलास, तेव्हा आईने मला कॅसेट मागे घ्यायला लावून तो सीन पूर्ण पाहिला होता.