माइनस्वीपरमध्ये शेवटी अंदाजच करावा लागतो, मग तो तर्काचा खेळ कसा? हा अन्याय नाही का?

नाही. हाच आरोप मी वीस वर्षं घरात ऐकतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माइनस्वीपर म्हणजे कॉम्प्युटरवरचा बंद घरांचा खेळ: काही घरांत सुरुंग लपलेले असतात, उघडलेल्या घरातला आकडा त्याला लागून असलेल्या घरांत किती सुरुंग आहेत ते सांगतो, आणि सुरुंग नसलेली सगळी घरं उघडायची.

बारावीनंतरच्या सुट्टीत दादाच्या कॉम्प्युटरवर मी एक्सपर्टच्या, म्हणजे अवघड पातळीच्या, मागे लागले होते. ३० बाय १६ घरं, ९९ सुरुंग. एका दुपारी सगळं साफ झालं, फक्त खालच्या कोपऱ्यातली दोन घरं राहिली आणि वर दिसणारा उरलेल्या सुरुंगांचा आकडा १. भोवतीचे आकडे दोन्ही घरांना सारखेच लागू पडत होते. दहा मिनिटं नुसती बघत बसले, काही निघेना. शेवटी डावीकडचं उघडलं आणि सुटलं! मी ओरडलेच. मागे उभा दादा म्हणाला, "तुक्का लागला गं." सुरुंग नसलेली घरं ३८१ असतात. त्यातल्या ३८० पैकी एकही मी डोळे मिटून उघडलं नव्हतं. ते त्याने पाहिलंच नाही. अजूनही दिवाळीला भेटलो की तोच शब्द काढतो.

हाच दादा पेपरातल्या सुडोकूत दोन आकड्यांवर अडला की एक ठोकून देतो, आणि चुकला की कागद फाटेस्तोवर खोडतो. नीट रचलेल्या सुडोकूला उत्तर एकच असतं, तिथे ठोकून देणं म्हणजे आळस. माइनस्वीपरमध्ये कधीकधी माहितीच संपते. मग धोका मोजायचा. समजा दूरच्या १०० बंद घरांत २० सुरुंग उरलेत, म्हणजे तिथे पाचात एक धोका. आकड्याला चिकटलेल्या घरात तिनात एक असेल तर तिकडे हातच लावायचा नाही. हा हिशेब न करता क्लिक करणाऱ्याने अन्यायाची भाषा करू नये.

आणि कोपऱ्यातली जोडी सगळ्या बाजूंनी बंद झाली असेल, त्यात एकच सुरुंग असणार हे नक्की असेल, तर ती शेवटपर्यंत राखून ठेवू नका. लगेच उघडा, हरायचंच असेल तर पुढचा वेळ तरी वाचेल. मी त्या दुपारी उलटं केलं होतं.

हां, एक मान्य. एक्सपर्टमध्ये अशा जोड्या बऱ्याचदा येतात आणि जीव जळतो. अजिबात सहन होत नसेल तर सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या संग्रहातला 'माइन्स' खेळा, तिथली पाटी अंदाजाशिवाय सुटेल अशीच बनते. दादालाही मी तोच दिलाय. अजून एकही पाटी पूर्ण झालेली नाही त्याची.